संग्रहालयात काम करायचंय? क्युरेटरच्या खुर्चीकडे नंतर बघू

कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला "पुढे काय?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. स्वतंत्र चित्रकार, शाळेत कलाशिक्षक, जाहिरात संस्था, अ‍ॅनिमेशन, हल्ली टॅटू स्टुडिओसुद्धा. गॅलरी किंवा संग्रहालय म्हटलं की मात्र एकच शब्द पुढे येतो: क्युरेटर. पदवी हातात पडली की भिंत मिळणार आणि त्यावर कोणाची चित्रं लागायची ते आपण ठरवणार, असं काहीसं चित्र मनात असतं. ही खुर्ची एका संस्थेत एखाद-दुसरीच असते आणि तिथवर पोचायला बरीच वर्षं जातात. तिच्या अवतीभवती इतर कितीतरी कामं असतात. त्यांतली बरीचशी अशी, की ज्याने ब्रश धरलाय, प्लास्टर ओतलंय, लिथोचा (छाप काढायचा) दगड घासलाय, त्याचा हात तिथे इतरांपेक्षा उजवा ठरतो.

या क्षेत्रात शिरकाव होतो तो दोन गोष्टींच्या जोरावर: वस्तू नीट हाताळता येणं आणि तिची नीट नोंद करता येणं. बाकीचं, म्हणजे सिद्धान्त, विचारमांडणी, प्रदर्शनाची कल्पना वगैरे, सगळं महत्त्वाचं आहे, पण ते नवख्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही.

पहिली पायरी: प्रेक्षक म्हणून जाणं थांबवा

आपल्या जवळचं एक संग्रहालय निवडा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (1922 पासून लोकांसाठी खुलं) किंवा भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (1872). पुण्यात केळकर संग्रहालय, नागपुरात आपला अजब बंगला, कोल्हापुरात टाऊन हॉल. सातारा जिल्ह्यात औंधला गेला नसाल तर जाऊन याच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेल्या भवानी संग्रहालयात एकाच छताखाली राजा रविवर्मा आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर दोघंही भेटतात. मुंबईच्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसतं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

तिथे गेल्यावर चित्राकडे कमी आणि चित्राच्या आजूबाजूला जास्त बघा. फ्रेम भिंतीला कशावर टांगली आहे? काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडतंय का? खालची पाटी किती उंचीवर आहे, मराठी आणि इंग्रजी मजकुराचा आकार सारखा आहे का? कोपऱ्यात आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र दिसतंय का? मोबाइलवर प्रकाश मोजायचं एखादं ॲप घ्या. ते काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. लघुचित्रांच्या दालनात प्रकाश मंद का, हा प्रश्न तिथे सुटतो. कागद, जलरंग आणि कापड यांच्यासाठी साधारण 50 लक्सपर्यंतचाच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश चालतो, तैलरंगाला 200 लक्सच्या आसपास. "काही दिसतच नाही" अशी तक्रार करणारा प्रेक्षक आणि "इथे 50 ठेवलाय" असं मनात म्हणणारा प्रेक्षक, यांतला दुसरा कामाचा.

एका दालनात दोन तास बसा आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी केली असेल ते लिहा. चौथरा, पाटी, प्रकाश, काचेचं कपाट, माहितीपत्रक, शाळेच्या मुलांना गोष्ट सांगणारी ताई, सुरक्षारक्षक, दुकानातली पोस्टकार्डं. संध्याकाळपर्यंत वहीत या क्षेत्रातल्या नोकऱ्यांची यादी तयार असते.

दुसरी पायरी: कामं कोणती, आणि त्यांत तुम्ही कुठे

रजिस्ट्रार म्हणजे संस्थेत आलेल्या, गेलेल्या, उसन्या आणलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणारा माणूस. करार, विमा, वाहतूक, दाखल नोंदवही, सगळं त्याच्याकडे. हे काम मिरवता येत नाही, म्हणूनच तिथे गर्दी कमी असते.

जतनतज्ज्ञ, ज्याला सगळे कॉन्झर्व्हेटर म्हणतात, तो बिघडलेल्या वस्तूवर उपचार करतो आणि न बिघडलेली बिघडू नये म्हणून झटतो. चित्रकलेच्या मुलांना याचं आकर्षण फार, कारण त्यांना वाटतं की उडालेला रंग पुन्हा भरायचा. मुळात हे काम रसायनशास्त्राचं आणि संयमाचं आहे. स्वतःची शैली दाखवायची खाज असेल तर या वाटेला जाऊ नये. इथे उत्तम काम म्हणजे जे भिंतीवर दिसतच नाही, पण गरज पडली तर मूळ रंगाला धक्का न लावता काढता येतं.

प्रदर्शनाची मांडणी करणारे, म्हणजे डिस्प्लेवाले, हे उपयोजित कला, शिल्पकला आणि अंतर्गत सजावट शिकलेल्यांचं हक्काचं घर. शिल्पाला आधार देणारं धातूचं स्टँड बनवणं हीसुद्धा एक वेगळी कारागिरी आहे आणि ती सफाईने करणारे लोक मोजकेच आहेत. शिल्पकला शिकणाऱ्याने याकडे जरूर बघावं.

शिक्षण विभागाला आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून शाळा आणि गावांपर्यंत वस्तू घेऊन जाते. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) केलेल्या, वर्गात मुलांना सांभाळलेल्या माणसाला असं काम सहज जमतं. शुद्ध आणि रसाळ मराठी बोलता येणं इथे थेट भांडवल ठरतं. इंग्रजीत बोलणारे मार्गदर्शक पुष्कळ मिळतात, तिसरीच्या वर्गाला गंधार शैली मराठीत समजावणारे शोधावे लागतात.

याशिवाय छायाचित्रण, प्रकाशनं, अभिलेखागार, समाजमाध्यमं, दुकान, निधी उभारणी आहेच. खासगी गॅलऱ्या आणि लिलावगृहांचं जग वेगळं, त्याच्याकडे पुढे येऊ.

तिसरी पायरी: नोंद करायला शिका

इथे थोडं थांबू, कारण इथेच अर्ज उजवा-डावा होतो.

संग्रहालयात आलेल्या वस्तूला दाखल क्रमांक मिळतो. एक रूढ पद्धत अशी: 2025.14.3. म्हणजे 2025 साली आलेल्या चौदाव्या गटातली तिसरी वस्तू. हा क्रमांक वस्तूवर लिहायचा कसा? कागदावर असेल तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता. बॉलपेन कधीही नाही. कापडावर असेल तर सुती पट्टीवर लिहून ती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची. चिनी माती किंवा धातूवर असेल तर आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. तो उद्या काढता येतो. "काढता येतं का?" हा प्रश्न या क्षेत्रात पावलोपावली विचारला जातो, तो अंगवळणी पडू द्या.

मग वर्णन. चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, मापं (आधी उंची, मग रुंदी), सही कुठे आहे, मागे काय लिहिलंय, वस्तू कोणाकडून कशी आली. यातलं माध्यम हे कलेच्या विद्यार्थ्याचं बलस्थान. इतिहासात एम.ए. केलेला उमेदवार "रंगीत चित्र" लिहून मोकळा होईल, तुम्हाला जलरंग आणि गॉश (अपारदर्शक जलरंग) यांतला फरक डोळ्यांनी कळतो. "मिक्स मीडिया" असं लिहून सुटका करून घेऊ नका. काय काय मिसळलंय ते लिहा.

एक उदाहरण देतो. जुन्या वाड्यांतून, देवघरांतून रविवर्म्याची म्हणून चित्रं निघतात. रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घेऊन छपाई व्हायची. अशा छापाकडे दहापट भिंगातून बघा: ठिपके अनियमित, कुठे दाट कुठे विरळ, हाताने टिपल्यासारखे दिसतात. नंतरच्या काळातल्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके शिस्तीत, ठरावीक अंतराने, छोट्या फुलांसारख्या नक्षीत बसलेले असतात. ज्याने मुद्राचित्रणाच्या (प्रिंटमेकिंगच्या) वर्गात एकदा तरी लिथो काढलाय त्याला हा फरक क्षणात दिसतो. भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. खिशात ठेवा.

तिसरा कागद म्हणजे स्थिती अहवाल, ज्याला सगळीकडे कंडिशन रिपोर्ट म्हणतात. चित्र एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना निघण्याआधी आणि पोचल्यावर असा अहवाल होतो. नुकसान झालं तर विमा कंपनी हाच कागद मागते. नवखा माणूस लिहितो: "चित्र थोडं खराब झालं आहे, कडेला डाग आहेत." याचा उपयोग शून्य. लिहायचं असं:

"कागदावर जलरंग, 38 × 27 सेंमी. खालच्या डाव्या कोपऱ्यात, डाव्या कडेपासून 2 सेंमी आणि खालच्या कडेपासून 1.5 सेंमीवर, तपकिरी डाग, व्यास अंदाजे 4 मिमी, ओलाव्याचा असावा. वरच्या कडेला मध्यभागी 1 सेंमी लांबीची चीर, कागद गहाळ नाही. उजव्या बाजूस पृष्ठभाग किंचित लहरी. मागे जुना चिकटपट्टीचा पिवळा ठसा, दोन ठिकाणी. रंगाचा थर स्थिर."

पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवलंय ते लक्षात घ्या. डाग दिसला, ओलाव्याचा असेल हा अंदाज. सोबत चित्राचा फोटो, त्यावर प्रत्येक दोषाला क्रमांक. घरातल्या जुन्या फोटोंवर, आजोबांच्या शाळेच्या प्रमाणपत्रावर, कॉलेजच्या स्टोअरमध्ये धूळ खात पडलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या कामांवर असे दहा अहवाल लिहून काढा. शेवटचं तर फारच उपयोगी: आपल्याकडच्या जुन्या कला महाविद्यालयांच्या माळ्यांवर काय काय पडून आहे ते कित्येकदा महाविद्यालयालाही नीट ठाऊक नसतं. प्राचार्यांना लेखी विचारा, एका कपाटाची यादी करून द्या. तुमच्या अर्जात घालायला खरं काम तयार.

संगणकावरच्या नोंदीसाठी आपल्या सरकारी संग्रहालयांत "जतन" नावाची प्रणाली वापरतात. ती पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवली आहे. तुमच्याकडे ती नसली तरी बिघडत नाही, साध्या एक्सेलमध्ये एका रकान्यात एकच माहिती भरायची शिस्त लागली की कुठलीही प्रणाली चार दिवसांत येते.

चौथी पायरी: चित्र लावायचं गणित

गॅलरीतल्या पहिल्या नोकरीत हे हमखास करावं लागतं. चित्राचा मध्य प्रेक्षकाच्या नजरेच्या रेषेत यावा, म्हणून जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंमीवर मध्यरेषा धरतात. समजा मध्यरेषा 145, चित्राची उंची 90. म्हणजे वरची कड 145 अधिक 45, एकूण 190 सेंमीवर. मागची तार मध्यातून वर ओढली की वरच्या कडेपासून 8 सेंमी खाली येते. मग हूक 182 वर. लहान-मोठी चित्रं एका ओळीत असली तरी प्रत्येकाचं हे गणित वेगळं मांडायचं. वरच्या कडा जुळवत बसायचं नाही, मध्य जुळवायचा. जड चित्राला एका तारेऐवजी दोन हूक, म्हणजे ते तिरकं होत नाही.

हाताळताना घड्याळ, अंगठ्या, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलू नका, दोन्ही बाजूंनी किंवा एक हात खाली एक हात बाजूला. उचलण्याआधी ठेवायची जागा मोकळी करा. धातूच्या वस्तूला नायट्रिल हातमोजे, कागदाला मात्र स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण सुती हातमोज्यांत बोटांना कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. बबलरॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला, आणि तो रंगाला थेट कधीच टेकवायचा नाही, मध्ये आम्लरहित किंवा ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बंद गुंडाळून ठेवलेल्या चित्राला आठवड्यात बुरशी येऊ शकते, म्हणून वाहतूक संपली की वेष्टन सोडवायचं.

हे सगळं फुकटात शिकायची जागा म्हणजे महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन. तिथे स्वतःचं चित्र लावून कॅन्टीनमध्ये पळणारे बरेच असतात. अख्खं दालन लावणाऱ्या चौघांत राहा.

पाचवी पायरी: शिक्षण कुठे, किती

नुसत्या बी.एफ.ए. किंवा जी.डी. आर्टवर गॅलरी सहायक, मांडणी, शिक्षण विभाग अशी कामं मिळू शकतात. क्युरेटर, रजिस्ट्रार, जतन यांसाठी पुढचं शिक्षण लागतं.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय संग्रहालयशास्त्र आणि जतन यांची पदव्युत्तर पदविका चालवतं. याचा मोठा फायदा म्हणजे वर्ग संग्रहालयातच, वस्तू आणि जतन केंद्र शेजारी. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक-समकालीन भारतीय कला आणि क्युरेशनचे अभ्यासक्रम घेतले आहेत. चालू वर्षाची स्थिती त्यांच्याकडेच विचारा.

बडोद्याला मराठी मुलं पूर्वीपासून जात आली आहेत. सयाजीरावांनी 1894 साली संग्रहालय उभारलं, आणि 1952 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात देशातला पहिला संग्रहालयशास्त्र विभाग सुरू झाला. तिथल्याच ललित कला विद्याशाखेत कलेतिहासही शिकता येतो, त्यामुळे दोन्ही विभागांच्या ओळखी होतात. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता भारतीय वारसा संस्था म्हणून नोएडात आहे. कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र या तिन्ही विषयांत तिथे एम.ए. होतं. जतनाकडे वळणाऱ्यांसाठी लखनौची राष्ट्रीय जतन संशोधन प्रयोगशाळा आहे. जतनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमाचा अर्ज भरण्याआधी रसायनशास्त्राची अट आहे का ते नीट वाचा. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व आहे. मूर्तिशास्त्र, नाणी, शिलालेख यांत रस असेल तर ती वाट धरा.

माझं मत विचाराल तर पदवीनंतर लगेच एम.ए.ला पळू नका. आधी सहा महिने कुठेतरी काम करा. जतन आवडतं असं वाटणाऱ्याला दिवसभर एका वहीची पानं कोरड्या ब्रशने झाडायला दिली की खरं काय ते कळतं.

भाषेविषयी एक. मोडी शिका. शासकीय अभिलेखागारं, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था, जुनी घराणी, सगळीकडे मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. कलेचं शिक्षण अधिक मोडी असा उमेदवार मुलाखतीत ठळक दिसतो. आणि इंग्रजीत चार परिच्छेद नीट लिहिता यायलाच हवेत, त्यातून सुटका नाही.

सहावी पायरी: इंटर्नशिप मागायची कशी

"मला कलेची आवड असून आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी ही विनंती" अशा ईमेलला उत्तर येत नाही. लहान लिहा, नेमकं लिहा:

"महोदया, मी मुद्राचित्रणाच्या शेवटच्या वर्षात आहे. मे आणि जूनमध्ये आठवड्याचे चार दिवस येऊ शकते. आमच्या महाविद्यालयातल्या जुन्या छापांच्या एका कपाटाची मी यादी केली आहे, त्यातल्या पाच नोंदी आणि दोन स्थिती अहवाल सोबत जोडले आहेत. आपल्या छापांच्या संग्रहाच्या नोंदीचं काम सुरू असेल तर मदत करायला आवडेल."

कोण, कधी, काय येतं, काय करायचंय, सगळं आलं. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. मोठ्या नावांच्याच मागे लागू नका. छोट्या, माणसं कमी असलेल्या संग्रहालयात तुमच्या हातात खरी वस्तू लवकर येते. वाचनालयं, देवस्थानं, बँका, विज्ञानसंस्था यांचेही संग्रह असतात. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळापासून जमलेली आधुनिक भारतीय चित्रं आहेत. एअर इंडियाने जमवलेला प्रचंड कलासंग्रह 2023 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. असा संग्रह हलतो तेव्हा मोजदाद, नोंद, बांधाबांध करायला किती हात लागत असतील, विचार करा.

मोठे महोत्सवही चांगले. काळा घोडा महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, पणजीचा सेरेंडिपिटी डिसेंबरात, कोचीचं द्वैवार्षिक आणि त्याच्यासोबत भरणारं विद्यार्थ्यांचं द्वैवार्षिक. इथे पंधरा दिवसांत सुतार, वीजवाला, कलाकार, प्रायोजक आणि पाऊस यांना एकत्र कसं सांभाळतात ते दिसतं.

पैशाचं आधी विचारा, लाजू नका. पुष्कळ ठिकाणी नुसता प्रवासखर्च मिळतो, काही ठिकाणी तोही नाही. बिनपगारी काम दोन महिन्यांच्या पुढे नेऊ नका, आणि पत्रं नेणं-आणणं व पाहुण्यांना चहा देणं एवढंच चाललं असेल तर दोन आठवड्यांतच नमस्कार करा. प्रमाणपत्रावर "प्रशिक्षणार्थी" एवढंच नको, कुठल्या संग्रहावर काय काम केलं ते लिहून घ्या.

सातवी पायरी: खासगी गॅलरी आणि लिलावगृह

आधी दोन प्रकार वेगळे करा. एक, भाड्याने मिळणारं दालन: कलाकार तारखा घेतो, आपलं प्रदर्शन आपण भरवतो. जहांगीर (1952) हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. पुण्यात राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन. दोन, कलाकारांचं प्रतिनिधित्व करणारी गॅलरी: ती ठरावीक कलाकारांना सांभाळते, त्यांची चित्रं विकते आणि किमतीतला वाटा घेते, अनेकदा निम्म्यापर्यंत. कुलाबा, काळा घोडा, फोर्ट या पट्ट्यात अशा गॅलऱ्या दाटीने आहेत. त्यांत केमोल्ड आणि पंडोल या तर 1963 पासूनच्या. नोकऱ्या मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात.

गॅलरी सहायकाचा दिवस असा: सकाळी दिवे, पुसापुशी, ईमेल. कोणाला चित्रांची यादी पाठवायची, कोणाला बिल. दुपारी एक संग्राहक येतो, त्याला गोदामातून तीन चित्रं काढून दाखवायची, किंमत विचारल्यावर न अडखळता सांगायची. संध्याकाळी फ्रेमवाल्याशी भांडण. उद्घाटनाच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत. जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड, नोव्हेंबरातला आर्ट मुंबई आणि दिल्लीतला इंडिया आर्ट फेअर, हे दिवस म्हणजे या लोकांची लगीनघाई. हंगामाच्या आधी दोन-तीन महिने अर्ज केला तर हातांची गरज असते.

लिलावगृहात कॅटलॉगसाठी नोंदी लिहिणारी, संशोधन करणारी माणसं लागतात. या जागांवरून माणूस झपाट्याने शिकतो, कारण चूक झाली तर ती छापून येते.

इथे कायद्याचं थोडं ज्ञान हवंच. 1972 च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृतींच्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी चित्र-शिल्पं पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षं. त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. शिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय अशा काही मोजक्या कलाकारांची कामं, वय कितीही असो, निर्यातीला बंद. चित्रकार म. वि. धुरंधर त्या यादीत नाहीत. पण त्यांचं 1920 सालचं चित्र आज शंभरी ओलांडून गेलंय, म्हणजे तेही पुरावस्तू झालं. न्यू जर्सीतल्या ग्राहकाने "पाठवता येईल का?" विचारलं तर हे तोंडपाठ असलेलं बरं. दुसरं, चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. वेगळा लेखी करार नसेल तर तो सहसा कलाकाराकडेच राहतो, आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं वारसांकडे. ग्राहकाला त्या चित्राची दिनदर्शिका काढायची असेल तर परवानगी वेगळी.

सरकारी नोकरी

राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्याच्याकडे राज्यभरची संग्रहालयं. अभिरक्षक आणि त्याच्या आसपासची पदं जाहिरातींतून भरतात. केंद्रात राष्ट्रीय संग्रहालय, आधुनिक कला संग्रहालय यांची पदं. जाहिराती कधीतरी निघतात, मध्ये वर्षं जातात आणि निघाल्या की अर्जाला थोडेच दिवस मिळतात. पात्रतेत बहुधा कलेतिहास, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवी आणि अनुभव मागतात, नुसती बी.एफ.ए. पुरत नाही. म्हणून कागदपत्रं तयार ठेवा आणि दरम्यान दुसरीकडे काम करत राहा. या एकाच जाहिरातीच्या भरवशावर घरी बसून अभ्यास करणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

अर्जासोबत काय, मुलाखतीत काय

कलेचा विद्यार्थी सवयीने स्वतःच्या चित्रांचा पोर्टफोलिओ पाठवतो. इथे तो एका पानाचा पुरे. त्याऐवजी: पाच वस्तूंच्या नोंदी, दोन स्थिती अहवाल, एका चित्रावर शंभर शब्दांची पाटी मराठीत आणि इंग्रजीत, लावलेल्या प्रदर्शनाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, एका दालनाचा मापांसह नकाशा.

मुलाखतीला जाण्याआधी त्या संस्थेचं चालू प्रदर्शन बघितलेलं असावं. "आमच्याकडे काय आवडलं नाही?" असं विचारतात, तेव्हा "सगळंच छान" म्हणू नका. "दुसऱ्या दालनातली पाटी गुडघ्याच्या उंचीवर आहे, वयस्कर माणसाला वाकावं लागतं" असं काही सांगता आलं पाहिजे. हातात वस्तू दिली तर लगेच पकडू नका. आधी विचारा: कुठे ठेवायची आहे, कुठून धरायची. बऱ्याचदा तीच परीक्षा असते.

पगार आणि स्वतःची चित्रं

सुरुवातीचा पगार कमी असतो, जाहिरात किंवा ॲनिमेशनपेक्षा स्पष्टपणे कमी. मुंबईत भाड्याने राहून तो ओढाताणीचा होतो. घरचा आधार नसेल तर आधी मांडणी, छायाचित्रण, ग्राफिक अशा कामांतून शिरा, तिथे कंत्राटावर बाहेरची कामंही घेता येतात. स्टँड बनवणारे, फ्रेमिंग जाणणारे, कलाकृतींचे फोटो अचूक रंगात काढणारे लोक अनेक संस्थांसाठी एकाच वेळी काम करतात.

स्वतःचं चित्रकाम चालू ठेवता येतं, पुष्कळजण ठेवतात. फक्त रुजू होतानाच लेखी सांगा की मी स्वतः चित्रं काढतो आणि विकतो. गॅलरीच्या ग्राहकाला तिथे आपली चित्रं दाखवायची नाहीत, त्यांचे फोन नंबर आपल्या वहीत उतरवायचे नाहीत, संस्थेत येणाऱ्या वस्तू स्वतःसाठी विकत घ्यायच्या नाहीत. हे क्षेत्र छोटं आहे, काळा घोड्याला दुपारी घडलेली गोष्ट संध्याकाळी बडोद्याला पोचते. आणि नियुक्तिपत्रात "संस्थेत असताना केलेलं सर्व काम संस्थेचं" असं मोघम वाक्य असेल तर सही करण्याआधी तिथे "नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेलं" एवढे शब्द घालून घ्या. नाहीतर रविवारी घरी काढलेल्या चित्रावरूनही उद्या वाद उभा राहू शकतो.